विज्ञानाचं पहिलं पुस्तक घेण्याआधी घरातला कूलर उघडा

मे महिना लागला की मला दोन प्रकारचे फोन येतात. एक, कूलरच्या पंपासाठी कुणी माणूस आहे का. दुसरा, "सुट्ट्यांत विज्ञानाचं काहीतरी वाचावं म्हणतो, सोपं, मजेदार असं एखादं पुस्तक सांगा ना." पहिल्याचं उत्तर माझ्याकडे नसतं. दुसऱ्याला मी उलट विचारतो, "तुमचा कूलर कसा चाललाय?" समोरच्याला वाटतं, ह्याने नीट ऐकलंच नाही.

मी कॉमर्सवाला. दहावीनंतर विज्ञानाशी संबंध तुटला आणि नोकरीभर ताळेबंद जुळवले. चाळिशीत ही पुस्तकं वाचायला लागलो, आणि पहिली दोन वर्षं चुकीची पुस्तकं चुकीच्या पद्धतीने वाचली. हिशेबखात्यातल्या माणसाने इकडे वळू नये असा काही नियम नाही. चंद्रशेखर वेंकट रमणसुद्धा वित्त खात्यात अधिकारी होते आणि १९१० मध्ये त्यांची बदली चक्क आपल्या नागपूरला झाली होती. पुढच्याच वर्षी ते कलकत्त्याला परतले, १९२८ मध्ये रमण परिणाम शोधला, १९३० मध्ये नोबेल घेतलं. माझी गाडी ताळेबंदावरच थांबली, तो भाग वेगळा.

ज्यांनी शाळेनंतर विज्ञानाचं पुस्तक हातात धरलेलं नाही, त्यांच्यासाठी हे लिहितोय. बीएस्सीवाल्यांनी वाचलं तरी हरकत नाही, पण चुका काढू नका. किंवा काढा.

पायरी १ : आधी प्रश्न शोधा

माझी पहिली चूक म्हणजे मी नावाजलेलं पुस्तक घेतलं. स्टीफन हॉकिंगचं 'अ ब्रीफ हिस्टरी ऑफ टाइम', १९८८ चं. त्यात सुरुवातीलाच हॉकिंग सांगतात की एकेका समीकरणामागे पुस्तकाचा खप निम्मा होईल असं त्यांना कुणीतरी बजावलं होतं, म्हणून त्यांनी आइनस्टाइनचं एकच समीकरण ठेवलं. समीकरण एकच, तरी मी तिसऱ्या प्रकरणात आडवा झालो. पुस्तकाचा दोष नव्हता. काळाची सुरुवात कशी झाली, हा प्रश्न मला कधी पडलेलाच नव्हता. न पडलेल्या प्रश्नाचं उत्तर कितीही छान दिलं तरी डोक्यात मुरत नाही.

मला पडलेला प्रश्न घरातच खिडकीला लावलेला होता. मे महिन्यात जो कूलर खोलीची शिमला करतो, तोच जुलैत नुसता दमटपणा का फेकतो? शेजारचे काका दर पावसाळ्यात तक्रार करतात, "पंखा फिरून राहिला, पाणी पडून राहिलं, मग थंडा काऊन नाही होत बे?" मेकॅनिकला बोलावलं की तो गवत बदलतो आणि पैसे घेऊन जातो. गवत बदलूनही जुलै तो जुलैच.

एका जुन्या, कडा कुरतडलेल्या पुस्तकात उष्णतेवरचं प्रकरण होतं, तिथे हे सापडलं. कूलरमध्ये थंडी तयार करणारं काहीच नसतं. गवतावरून ओघळणाऱ्या पाण्याची वाफ होते आणि त्या वाफेला लागणारी उष्णता खोलीत येणाऱ्या हवेतून काढून घेतली जाते. ही उष्णता किती? एक लिटर पाण्याची वाफ व्हायला साधारण २,४०० किलोज्यूल लागतात. तेवढंच पाणी ३० अंशांवरून उकळीपर्यंत तापवायला जेवढी उष्णता लागते, तिच्या आठपट! म्हणून बादलीभर पाण्यात दुपार निघते. मेमधली आपली हवा इतकी कोरडी असते की वाफेला हवी तेवढी जागा मिळते. जुलैत हवा आधीच पाण्याने भरलेली, मग वाफ होणार कशी आणि उष्णता जाणार कुठे? मुंबईच्या पाहुण्यांना आपल्या कूलरचं एवढं कौतुक का वाटतं, तेही त्याच पानावर कळलं.

हे खरं की खोटं ते घरी पाहता येतं. दोन साधे थर्मामीटर घ्या (तापाचा नको, तो ४२ अंशांच्या पुढे जात नाही). एकाच्या टोकाला ओली चिंधी गुंडाळा आणि दोन्ही सावलीत, पंख्यापुढे ठेवा. मेमध्ये माझ्याकडे दोघांत वीसेक अंशांचा फरक आला होता. ऑगस्टमध्ये पाऊस थांबल्यावर पुन्हा पाहिलं, तर फरक जेमतेम दोन-तीन अंश. त्या दिवसापासून काका मला 'साइंटिस्ट' म्हणतात. टोमणाच आहे, पण चालतं.

तर तुमचा कूलर कोणता, ते शोधा. संत्र्याची साल मेणबत्तीजवळ पिळली की ठिणग्या का उडतात? सावजी खाल्ल्यावर पाणी पिऊन जिभेची आग का जात नाही आणि दह्याने का जाते? सीताबर्डीच्या टेकडीचा दगड काळा का? पहिल्या दोन प्रश्नांनी तुम्ही रसायनशास्त्राच्या फळीपाशी पोचता, तिसऱ्याने भूगर्भशास्त्राच्या. आठवडाभर फोनमध्ये असे प्रश्न टिपून ठेवा आणि त्यातला जो दोनदा-तीनदा आठवतो तो घेऊन पुस्तकाच्या दुकानात जा.

पायरी २ : दुकानात उभ्या उभ्या काय पाहायचं

मुखपृष्ठावर आकाशगंगा असते, ती बघू नका. मलपृष्ठावरची स्तुतीही नको. पुस्तक बरोब्बर मधोमध उघडा आणि दोन पानं उभ्यानेच वाचा. पहिलं प्रकरण प्रत्येक लेखक जीव ओतून लिहितो, खरी परीक्षा मधे असते. त्या दोन पानांतलं काही बाहेरच्या चहावाल्याला सांगावंसं वाटलं, तर पुस्तक घ्या.

मग छपाईचं साल बघा. यात मी सपशेल फसलो होतो. जुन्या पुस्तकांच्या ढिगातून जीवशास्त्राचं एक देखणं पुस्तक उचललं आणि वर्षभर लोकांना सांगत फिरलो की माणसात एक लाख जनुकं असतात. २००१ मध्ये मानवी जनुकसंचाचा मसुदा आला तेव्हाच तो आकडा तीस-चाळीस हजारांवर उतरला होता, आणि आता तो वीस हजारांच्या आसपास धरतात. तशीच गत खगोलशास्त्राची. विश्वाचं प्रसरण वेग घेतंय हे १९९८ मध्ये कळलं. प्लूटोचं ग्रहपद २००६ मध्ये गेलं. गुरुत्वीय लहरी २०१५ मध्ये पहिल्यांदा टिपल्या आणि २०१६ च्या फेब्रुवारीत ते जाहीर झालं. याआधीच्या पुस्तकांत हे असणारच नाही. उलट उष्णता, प्रकाश, ध्वनी, तरफा यांवरचं पन्नास वर्षांपूर्वीचं पुस्तकही बिनधास्त घ्या. कूलर तेव्हाही तसाच चालायचा.

तिसरी गोष्ट म्हणजे 'हे कशावरून कळलं' ते लेखक सांगतो का. पृथ्वीचं वय साडेचार अब्ज वर्षं, असं नुसतं ठोकून देणारा आणि ते कोणत्या दगडावरून, कसं मोजलं हे सांगणारा, यांत दुसरा निवडा. 'शास्त्रज्ञ आपल्यापासून लपवतात' अशा सुरात जे पुस्तक बोलतं, ते परत ठेवून द्या. अशी पुस्तकंही विज्ञानाच्याच फळीवर मांडलेली असतात, आणि खपतातही जास्त.

कुठे मिळतील? नवी हवी असतील तर बर्डी, धरमपेठ. स्वस्तात हवी असतील तर जुन्या पुस्तकांचे ढीग, मात्र तिथे दोन तास काढायची तयारी ठेवा. आणि दसऱ्याला दीक्षाभूमीवर जा. लाखो लोक येतात आणि तिथले पुस्तकांचे स्टॉल ही एक वेगळीच जत्रा असते. अंधश्रद्धेवरची, विज्ञानावरची पातळ, स्वस्त, मराठी पुस्तकं मी तिथून पिशवी भरून आणलीत. तिथल्या गर्दीत पान मधोमध उघडून वाचायला मात्र उभं राहता येत नाही, मागून ढकलतात.

पायरी ३ : भाषा, आणि अणूचा घोळ

आपण नागपूरकर हिंदी सहज वाचतो, म्हणून जुन्या ढिगातली हिंदी पुस्तकंही उचलतो. मीही उचललं. मॉस्कोच्या मीर प्रकाशनाचं 'मनोरंजक भौतिकी', लेखक याकोव्ह पेरेलमन. पुस्तक झकास, पण वाचताना माझा हिशेब काही केल्या जुळेना. ताळेबंदाची सवय असल्यामुळे मी रात्री वही घेऊन बसलो, तेव्हा उलगडा झाला. मराठीत ज्याला आपण अणू म्हणतो, त्याला हिंदीत परमाणु म्हणतात. आणि हिंदीत ज्याला अणु म्हणतात, तो आपला रेणू! म्हणजे हिंदी पुस्तकात पाण्याच्या एका 'अणु'त तीन 'परमाणु' असतात आणि मराठी पुस्तकात पाण्याच्या एका रेणूत तीन अणू. दोन्ही बरोबर. घोळ फक्त वाचणाऱ्याच्या डोक्यात. हिंदीत तापमानालाही 'ताप' म्हणतात, त्यामुळे लोखंडाचा ताप वाचून मला आधी औषधाची गोळी आठवली होती.

म्हणून हिंदी पुस्तक घेतलं तर पहिल्या कोऱ्या पानावर पेन्सिलने चार शब्दांची जंत्री लिहून ठेवा. परमाणु म्हणजे अणू, अणु म्हणजे रेणू, ताप म्हणजे तापमान, ऊष्मा म्हणजे उष्णता. एवढ्यावर निभावतं.

इंग्रजीची भीती वाटत असेल तर मराठीतूनच सुरुवात करा, त्यात कमीपणा काही नाही. फक्त भाषांतर असेल तर एक परिच्छेद मोठ्याने वाचून पाहा. वाचताना दम लागला, तर भाषांतरकारालाही विषय कळलेला नाही.

पायरी ४ : मग नेमकं काय घ्यावं

पहिलं म्हणून मी पेरेलमनच देतो. हा माणूस शिकला वनशास्त्र. मूळ रशियन पुस्तक १९१३ मध्ये आलं आणि त्यात अभ्यासक्रम नाही, नुसते प्रश्न आणि कोडी. कुठलंही पान उघडा आणि सुरू करा. लेनिनग्राडमध्ये १९३५ मध्ये त्याने मनोरंजक विज्ञानाचं एक घरच उघडलं होतं, आणि १९४२ मध्ये त्याच शहराच्या वेढ्यात तो उपासमारीने गेला. हे मला पुस्तक संपल्यावर कळलं. तेव्हापासून त्याची पानं दुमडायचं मी सोडलं.

मायकेल फॅरेडेची मेणबत्तीवरची व्याख्यानं १८६१ मध्ये पुस्तकरूपाने आली. लहान मुलांपुढे नाताळात दिलेली सहा व्याख्यानं, विषय एकच, जळणारी मेणबत्ती. लाइट गेल्यावर हे करून बघा. मेणबत्ती फुंकून विझवा. वातीतून पांढरा धूर वर चढेल. जळती काडी वातीला न लावता त्या धुराला, वातीपासून बोटभर उंचीवर लावा. ज्योत धुरावरून उतरून वातीवर जाऊन बसते. जळते ती मेणाची वाफ, वात नुसती मेण वर आणून देते. माझ्या पुतणीने हे अकरा वेळा केलं आणि बाराव्यांदा वहिनींनी काडेपेटी काढून घेतली.

आकाशाची ओढ असेल तर जयंत नारळीकरांचं 'आकाशाशी जडले नाते'. एक प्रकरण वाचायचं आणि रविवारी रमण विज्ञान केंद्राच्या तारांगणात जाऊन बसायचं, असा क्रम ठेवा. अच्युत गोडबोले यांचं 'किमयागार' जाडजूड आहे, ते सलग वाचू नका. जेवणानंतर एकेक शास्त्रज्ञ असं घ्या, नाहीतर न्यूटन आणि फॅरेडे यांची सरमिसळ होते. विदर्भातला असून मारुती चितमपल्लींचं 'रानवाटा' किंवा 'पक्षी जाय दिगंतरा' वाचलं नसेल, तर आधी तेच घ्या. विज्ञानाचं पुस्तक वाचतोय असं वाटतसुद्धा नाही आणि पुढच्या वेळी नवेगाव बांधला गेलात की तळ्यावरचे पक्षी वेगळे दिसायला लागतात. इंग्रजीत बिल ब्रायसनचं 'अ शॉर्ट हिस्टरी ऑफ निअरली एव्हरीथिंग', २००३ चं. ब्रायसन मूळचा प्रवासवर्णनं लिहिणारा. शाळेत आपल्याला काहीच नीट कळलं नाही, या चिडीतून तो बोलतो, म्हणून कॉमर्सवाल्यांना तो आपला वाटतो.

पैसे खर्चायचे नसतील तर अरविंद गुप्तांच्या संकेतस्थळावर मराठी, हिंदी, इंग्रजी पुस्तकांचं भांडार फुकट आहे. आणि एकदम पुस्तक झेपणार नसेल तर 'सृष्टिज्ञान'चे जुने अंक चाळा. १९२८ पासून निघणारं हे मासिक आहे. लेख दोन-चार पानांचे, बसमध्ये वाचून होतात.

डायनासोरवाल्या मुलांच्या आईबाबांना एक जास्तीची गोष्ट सांगतो. डायनासोरच्या प्रत्येक पुस्तकात अमेरिका आणि चीन येतं, त्यामुळे पोरांना वाटतं ते कुठेतरी तिकडेच होते. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ पिसदुरा नावाचं गाव आहे. तिथे डायनासोरची हाडं तर सापडलीच, पण त्यांच्या विष्ठेचे दगड झालेले गोळेही सापडले. त्या गोळ्यांत गवताचे सूक्ष्म अवशेष मिळाल्याचं २००५ मध्ये प्रसिद्ध झालं. डायनासोरच्या काळात गवत होतं का, याविषयी तोवर शंका होती. ती शंका फिटली आपल्या बाजूच्या जिल्ह्यातल्या शेणामुळे. हे सांगितल्यावर पोरगं पुस्तक सोडत नाही, मी हमी देतो.

पायरी ५ : अडलं तर

पुढे जा. दोन पानांनीही कळलं नाही तर प्रकरण सोडा, तीन प्रकरणं सुटली तर पुस्तक सोडा. परीक्षा नाही. हॉकिंगकडे मी सात वर्षांनी परत गेलो तेव्हा निम्मं समजलं. उरलेल्या निम्म्याशी माझं भांडण नाही.

पायरी ६ : एक गोष्ट गच्चीवर नेऊन बघा

वर्षातून निदान एकदा तरी पुस्तकातलं वाक्य स्वतःच्या डोळ्यांनी तपासा. आपल्याकडे त्यासाठी तारीख ठरलेली आहे. नागपूर कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे, म्हणून सूर्य वर्षातून दोनदा बरोब्बर डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली तिच्याच पायाखाली नाहीशी होते. हा शून्य सावलीचा दिवस. एकदा २६ मेच्या आसपास आणि दुसऱ्यांदा जुलैच्या मध्यावर, तेव्हा ऊन मिळालं तर नशीब.

पहिल्या वर्षी मी मीटरभर लांबीचा प्लॅस्टिकचा पाइप घेऊन बरोबर १२ वाजता गच्चीवर गेलो. पाइप ओळंब्याने सरळ उभा केला. सावली होती! चार सेंटिमीटर, पश्चिमेकडे. मी खाली येऊन जाहीर केलं की पुस्तकात थाप मारली आहे.

थाप माझ्या घड्याळाची होती. आपली भारतीय प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश रेखांशाची. नागपूर साधारण ७९.१ अंशांवर, म्हणजे ३.४ अंश पश्चिमेला. पृथ्वीला एक अंश फिरायला ४ मिनिटं लागतात, त्यामुळे आपल्या डोक्यावर सूर्य साडेतेरा मिनिटं उशिरा यायला हवा. पुढच्या वर्षी मी १२ वाजून १३ मिनिटांवर डोळा ठेवून बसलो, तर सावली १२:१० लाच गेली आणि १३ ला पूर्वेकडे डोकावायला लागली. पुन्हा पुस्तकं उघडली. पृथ्वीची कक्षा लंबगोल आणि आस कललेला, त्यामुळे सूर्य वर्षभर घड्याळाबरोबर चालत नाही. मेअखेरीला तो तीनेक मिनिटं पुढे असतो आणि जुलैच्या मध्यावर सहाएक मिनिटं मागे. म्हणून जुलैत हीच वेळ १२:२० च्या सुमारास येते. एका पाइपच्या सावलीने मला तीन पुस्तकं वाचायला लावली, आणि तिन्ही शेवटपर्यंत वाचून झाली.

तर यंदा २६ मेला १२ वाजताच वर जा आणि १२:१५ पर्यंत दर मिनिटाला पेन्सिलने सावलीच्या टोकाशी खूण करा. पाण्याची बाटली न्या, डोक्याला दुपट्टा बांधा, सूर्याकडे बघू नका. आणि चप्पल घालून जा. मी पहिल्या वर्षी पाइपच्या नादात तसाच गेलो होतो, दोन दिवस टाचांवर चाललो.